केसिंग किती फूट पडलं? कोल्हापूरच्या आयुक्तसाहेबांना आणि बांधकामवाल्या मंडळींना खुलं पत्र

मा. आयुक्तसाहेब, नगररचनेतले सगळे साहेब लोक, आणि गावातले आर्किटेक्ट, आरसीसी डिझाइनवाले, बिल्डर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी कोण शास्त्रज्ञ वगैरे नाही, सिव्हिलचा डिप्लोमा करून पंचवीसएक वर्षं साइटवर उन्हात उभा राहिलेला माणूस आहे, पाया खणताना पोकलेनच्या बकेटमधनं काय वर येतं ते बघत बघत केस पिकले. पत्र जरा लांबलंय, चहा घेत वाचा.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कुठल्याही पोराला झोपेतनं उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी किती, ३९ फूट म्हणेल, धोका पातळी किती, ४३ म्हणेल. पुराची निळी रेषा कुठनं गेली, लाल रेषा कुणाच्या दारातनं गेली, यावर चहाच्या गाड्यावर तासतासभर भांडणं चालतात, २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर लईच. पण ज्या पंचगंगेनं हे पाणी आणलं तिनंच हजारो वर्षं गाळ आणून टाकलाय आणि अर्धंअधिक नवं बांधकाम त्याच्याकडंच सरकायला लागलंय, मग तो गाळ भूकंपात कसा हलणार असं विचारलं की सगळे गप. कुणाकडंच उत्तर नाही, कारण गावभर फिरून कुणी ते मोजून नकाशावर मांडलेलंच नाही. माझं मागणं एवढंच आहे साहेब, की ते मोजा, आणि मोजणी वाटते तेवढी खर्चिक नाही, ती कशी होते ते मी स्वतः रात्रीचं उभं राहून बघितलंय म्हणून लिहितोय.

सुरुवात आईपासनं करतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. कोयनानगर इथनं सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर, तिकडं पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, आणि आमच्याकडं काय झालं तर आई म्हणायची, आमच्या पेठेतल्या घरात कॉट हलली आणि खुंटीवरचा कंदील झोके घ्यायला लागला, बस. पण मामाचं घर नदीकडं, मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या रानाच्या) काठाला, तिथं आजीची उतरंड कोसळली, मडक्यांचा चुरा झाला आणि आढ्याखालची भिंत उभी फाटली. एकच भूकंप, दोन घरांत चालत गेलं तर अर्धा तास लागणार नाही एवढंच अंतर. आता मीच सांगतो, दोन्ही घरं काय सारखी नव्हती, मामाचं मातीच्या भिंतीचं होतं, त्यामुळं सगळा दोष जमिनीवर टाकता येत नाही. तरीपण हा किस्सा डोक्यात बसला तो बसलाच.

जमिनीचं गणित सोपं आहे. ताटलीत खरवसाची वडी ठेवा आणि ताटलीला खालनं टिचकी मारा, ताटली हललेली कळतपण नाही, वडी मात्र थुलथुलत राहते. कातळ म्हणजे ताटली, वरचा गाळ आणि काळी माती म्हणजे खरवस. आणि पुढची गंमत अशी की वडी किती जाड आणि किती घट्ट जमलीय त्यावर तिचा थुलथुलायचा वेग ठरतो, प्रत्येक थराला आपली लय असते, भूकंपाच्या लाटेत नेमकी ती लय आली की थर ती उचलतो आणि वाढवतो, आणि वर उभ्या घराची लय पण तीच निघाली तर मग झालंच, नागपंचमीच्या झोक्याला बरोबर टायमिंगला रेटा दिल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हे पुस्तकातलं वाटत असेल तर मेक्सिको सिटी बघा. १९ सप्टेंबर १९८५, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या वर लांब, समुद्राकडं. शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला, त्या चिखलाची लय साधारण २ सेकंदांची, आणि शहरातच कडक जमिनीवर असलेल्या विद्यापीठातल्या यंत्रापेक्षा चिखलावरच्या यंत्रानं चारपाच पट जास्त हिसका नोंदला. सहा ते पंधराएक मजल्यांच्या इमारती जास्त पडल्या, बुटकी घरं त्यामानानं वाचली. आपल्या जवळचं हवं असेल तर २६ जानेवारी २००१, केंद्र कच्छात आणि सव्वादोनशे किलोमीटरवर अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावर पार्किंगच्या खांबांवर उभी अपार्टमेंट झोपली. खांबांचा दोष होताच, पण जमिनीनं हात दिला नसता तर एवढ्या लांब तेवढा मार बसला नसता.

आता मोजणीचं सांगतो, मला सांगायचंय ते हेच.

माझी भाची भूभौतिकी शिकते. गेल्या थंडीत सुट्टीला आली ती खांद्याला एक पेटी अडकवून, शाळेच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, खाली तीन टोकदार पाय, वर गवंड्याच्या लेव्हलमधे असतो तसला पाण्याचा बुडबुडा. म्हटलं हे काय गं, तर म्हणे, मामा, जमिनीची नाडी बघायचं यंत्र आहे. रात्री साडेअकराला मला स्कूटरवर बसवून नदीकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेली. मी म्हटलं ठेव की इथं गवतावर, म्हणाली गवतावर नको, वारा आला की गवत हलतंय. मग मी सिमेंटचं झाकण दाखवलं, म्हणाली त्याच्या खाली गटार असणार, पोकळ जागा चालत नाही, झाडाजवळ नको, उंच बिल्डिंगला लागून नको. शेवटी टाचेनं माती दाबून तीन पाय रोवले, एकेक पाय फिरवत बुडबुडा मधे आणला आणि मला म्हणाली, आता वीस पावलं लांब जाऊन बसा आणि हलू नका. वीस पावलांवर मी उकिडवा बसलोय, तोंडावर डास, आणि पोरगी घड्याळ बघतेय. पाऊण तास. मधेच एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन गेला, ती वही काढून मिनिट लिहून ठेवते, कुत्रं आलं ते लिहिते, मला खोकला आला तेपण लिहिलं.

मला आधी वाटलेलं की भूकंप झाल्याशिवाय काय मोजणार. पण जमीन कधीच गप नसते म्हणे. घाटापलीकडं समुद्राच्या लाटा आपटतात त्याची संथ थरथर इथवर येते, गावातल्या गाड्यांची, मोटारींची, माणसांची बारीक थरथर वेगळी, आपल्याला काय कळत नाही, यंत्राला कळते. यंत्र ती तीन दिशांना मोजतं, उभी एक आणि आडव्या दोन. मग आडवी थरथर भागिले उभी थरथर असा हिशोब लावायचा, वेगवेगळ्या कंपनांना वेगवेगळा, आणि आलेख काढायचा. युताका नाकामुरा या जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेतल्या माणसानं १९८९ साली ही पद्धत मांडून जगभर पोचवली, त्याआधीपण जपानातच कुणीकुणी यावर लिहिलेलं होतं. मऊ थर आडवा जास्त डुलतो, उभा कमी, म्हणून त्या थराच्या लयीवर आलेखात उंटाच्या पाठीसारखं वशिंड उभं राहतं. ट्रॅक्टरचं, कुत्र्याचं, माझ्या खोकल्याचं मिनिट कापून टाकायचं आणि उरलेल्या तुकड्यांची सरासरी काढायची.

दुसऱ्या रात्री आम्ही माळावर गेलो, जिथं फूटभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली लगेच कातळ. तिथला आलेख सरळ, चपाती लाटल्यासारखा. नदीकडच्यात मात्र वशिंड. लॅपटॉपवर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा मला उतरंड आठवली, खोटं कशाला सांगू. आकडे इथं लिहीत नाही, कारण दोन जागा म्हणजे नकाशा नव्हे आणि उद्या कोणतरी ते आकडे घेऊन फ्लॅटचे रेट पाडायला बसेल.

या यंत्राच्या मर्यादापण सांगतो, नाहीतर म्हणाल एवढंसं डबडं आणून सांगतोय. वशिंड कुठल्या लयीवर आहे ते भरवशाचं, पण वशिंडाची उंची म्हणजे भूकंपात तेवढे पट हलणार असं समजायचं नाही, भाचीनं ते दोनदा बजावून सांगितलंय. मोठा हिसका बसला की माती ढिली होते आणि लय संथ होते, बारीक थरथरीत ते दिसत नाही. शिवाय आपला दगड बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थरावर थर, आणि दोन थरांच्या मधे कितीदा लाल मातीचा पट्टा लागतो, बोअरवाल्यांना विचारा, वर कडक खाली मऊ असा उलटा प्रकार, तिथं हा हिशोब चकवा देऊ शकतो. आणि यंत्रांचा आवाज. शिरोलीच्या फाउंड्र्या, गुऱ्हाळांची इंजिनं, सोसायटीचा पाण्याचा पंप, यांच्या ठराविक फेऱ्यांमुळं आलेखात सुईसारखं टोक येतं आणि नवखा माणूस त्यालाच जमिनीची लय समजून बसतो. सुई दिसली, आणि ती तिन्ही दिशांना दिसली, की मोटार समजायची. गणपतीत डॉल्बी चालू असताना तर पेटी घराबाहेरपण काढू नये.

आता बिल्डर मंडळींनी जरा पुढं सरकून बसावं.

आपली सगळ्यांची भीती उंच इमारतीबद्दल असते. युडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली आल्यापासनं मजले वाढले, लोक मान वर करून बघतात आणि म्हणतात हे पडणार. माझं मत उलटं होत चाललंय. थराच्या लयीचा हिशोब असा की लाटेचा वेग भागिले थराच्या जाडीची चौपट. समजा १२ मीटर गाळ आहे आणि त्यात आडव्या लाटेचा वेग सेकंदाला १५० मीटर आहे, तर १५० भागिले ४८, म्हणजे सेकंदाला तीनएक झोके, एक झोका साधारण पाव सेकंद ते तृतीयांश सेकंद. ही लय कुणाची? दोन-तीन मजली घराची. अकरा मजली, ३३ मीटर उंच आरसीसी सांगाड्याचा झोका आयएस १८९३, म्हणजे आपल्या देशाचा भूकंपाचा कोड, त्याच्या सूत्रानं एक सेकंदाच्या आसपास येतो, तो असल्या पातळ थराशी जुळतच नाही, आणि त्याचा पाया बहुतेकदा कातळापर्यंत नेलेला असतो. मेक्सिकोतला चिखल खोल आणि अगदीच ढिला म्हणून तिथं उंच इमारती सापडल्या, आपल्याकडं कातळ लवकर लागतो म्हणून इथं सापडणार ती रो-हाऊस, गुंठेवारीतली बंगली, पेठेतले वाडे आणि खाली चार दुकानं काढलेली तीन मजली घरं, म्हणजे ज्यांचं डिझाइन बऱ्याचदा गवंड्याच्या तोंडी असतं.

आणि कोड यात मदत करत नाही. २०१६ च्या आयएस १८९३ मधे जमिनीचे तीन प्रकार, कडक, मध्यम, मऊ. एक सेकंद झोक्याच्या इमारतीला कडक जमिनीवर भूकंपाच्या जोराचा आकडा १ घेतला तर मध्यमला १.३६ आणि मऊला १.६७, फरक चांगला दिसतो. पण बुटक्या घराच्या लयीत तिन्ही जमिनींना एकच आकडा, २.५. म्हणजे कातळावरचं रो-हाऊस आणि मळीतलं रो-हाऊस कागदावर एकसारखं. डिझाइनवाल्याची यात चूक नाही, तो कोडाप्रमाणं चाललाय. त्यातल्या भूकंपाच्या झोनच्या नकाशाचंपण तसंच, कोल्हापूर झोन ३ मधे असं एका वाक्यात संपतं, जवळजवळ अख्खा जिल्हा एका रंगाचा, पन्हाळ्याचा जांभा आणि शिरोळची काळी रानं एकाच रंगात. झोनच्या रंगावर किती विसंबायचं ते किल्लारीनं शिकवलंय, ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत तो भाग नकाशात देशातल्या सगळ्यात सुरक्षित झोन १ मधे होता.

सॉइल रिपोर्ट असतो की, असं म्हणाल. असतो. एका साइटवर (गाव कुठलं, कन्सल्टंट कोण ते सोडा) मला आलेला रिपोर्ट मी सहज चाळत होतो तर चौथ्या पानावर शेजारच्या प्लॉटच्या मालकाचं नाव तसंच राहिलेलं. पहिल्या पानावर बदललं, चौथ्यावर विसरलं. फोन केला तर म्हणे, अहो जमीन तीच की, भिंतीला भिंत आहे. तिथं आम्ही खणलं तेव्हा एका कोपऱ्यात सात फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात जुनी बुजवलेली विहीर निघाली. आणि आपल्या गावात तर पांढरीचा घोळ वेगळाच. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती हे आपले जुने लोक बोलत आलेत, पण दोन हजार वर्षं वस्ती असलेल्या गावात पांढर म्हणजे राख, खापरं, पडक्या भिंती, भरावावर भराव. ब्रह्मपुरीची टेकडी चाळीसच्या दशकात खणली तेव्हा तेच निघालं, सातवाहनांच्या काळापासनंचं. तिथं सापडलेला ब्राँझचा पोसायडन टाऊन हॉल म्युझियममधे आहे, आणि हा ग्रीकांचा देव समुद्राचा तसाच भूकंपाचापण, आता याला काय म्हणायचं. पलीकडं रंकाळा मूळची दगडाची खाण आणि भूकंपात पाणी लागून तळं झालं अशी सांगोवांगी, खरंखोटं अंबाबाईला माहीत, पण खाण होती म्हणजे कातळ तिथं वर आहे एवढं तरी त्यातनं कळतं. एकाच गावात हे सगळं, आणि आपण कॉम्प्युटरमधे 'मीडियम सॉइल' वर क्लिक करून मोकळे होतो.

आता माझ्याकडची एक युक्ती, जी भाचीलापण नवी होती. बोअर मारताना वरची ढिली माती आत ढासळू नये म्हणून कडक थर लागेपर्यंत केसिंग पाइप घालतात आणि त्याचं बिल फुटावर लावतात. म्हणजे गावातल्या प्रत्येक बोअरच्या बिलावर तिथं कातळ किती खाली आहे ते लिहिलेलं आहे, आणि बिल फुटावर असल्यामुळं मालक आणि बोअरवाला दोघांनी भांडून ते मोजलेलं असतं, त्यामुळं आकडा बऱ्यापैकी पक्का. मला कळल्यापासनं मी जिथं जाईल तिथं एकच विचारतो, केसिंग किती फूट पडलं? बायको म्हणते येड लागलंय. पण बघा, केसिंग ४० फूट म्हणजे १२ मीटर, यंत्रानं लय सेकंदाला ४ झोके दाखवली, तर ४ गुणिले १२ गुणिले ४, लाटेचा वेग निघाला सेकंदाला १९२ मीटर. ना खोदकाम, ना ड्रिलिंग. केसिंग कधी झिजलेल्या मुरमातपण जातं, थोडा घोळ राहणार, म्हणून दहा-वीस जागी हातोडा आणि जिओफोनची (जमिनीतली थरथर पकडणाऱ्या छोट्या यंत्रांची) रांग लावून वेग थेट मोजायचा आणि बाकीच्याला ताडून बघायचं.

म्हणून साहेब, जबलपूरला १९९७ च्या भूकंपानंतर असा बारीक नकाशा झाला, दिल्ली, गुवाहाटी, बंगळूरला झाला, आपण भूकंप व्हायची वाट कशाला बघायची. सुरुवात पंचगंगेच्या काठानं करा, पूररेषेचा नकाशा हातात आहेच, त्याच्या आत आणि बाहेर अशा जोड्यांनी जागा घ्या, माळावर विरळ चालतील, गाळ संपून मुरूम सुरू होतो त्या पट्ट्यात मात्र दाट घ्या, कारण घोळ तिथंच आहे. कराडला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब आहे, कोयनेच्या भूकंपांवरच काम करते, हायवेनं दीड तास, एक पत्र टाकून बघा. सिव्हिलची पोरं गावात ढीगभर आहेत, प्रोजेक्टला दरवर्षी तेच तेच विषय घेतात, त्यांना रात्रीचं उकिडवं बसवा. बोअरचं कागदपत्र जमा करताना त्यात केसिंगच्या फुटांचा एक रकाना टाका, याला तर काहीच खर्च नाही. सॉइल रिपोर्टला बोअर घेतानाचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश लावायला सांगा, चौथ्या पानाची भानगड आपोआप मिटेल. आणि आलेल्या नोंदी कपाटात ठेवू नका, सगळ्यांना बघायला टाका, बिल्डर बोंब मारतील थोडे दिवस, पूररेषेच्या वेळीपण मारलीच होती.

नकाशा झाल्यावर मळीतलं घर पाडा असं कोण म्हणत नाही. तिथल्या माणसाला एवढं कळलं पाहिजे की आपल्या जमिनीची लय आपल्या घराला जुळते, मग तो खालच्या दुकानांसाठी भिंत काढायच्या आधी दोनदा विचार करेल, लिंटलला सलग पट्टा घालेल, कॉलमच्या रिंगा दाट बांधून घेईल. रिंगांचं स्टील कितीसं लागतं हो.

माझ्याकडं एका पिशवीत दहाबारा वर्षांची केसिंगची बिलं आहेत, ओळखीच्या बोअरवाल्यांकडनं मागून आणलेली, काही तेलकट झालीत पण फूट वाचता येतात. भाची दिवाळीत यायचीय, पेटी घेऊनच ये म्हटलंय. तुमच्या खात्यातला एखादा जेई (ज्युनिअर इंजिनिअर) चार रात्री द्या, जागा तुम्ही सांगाल त्या, स्कूटर माझी. येताना मफलर आणि ओडोमॉस आणायला सांगा.

आपला,
नदीकडच्या साइटवरचा एक सुपरवायझर
कोल्हापूर